मळमड्डीच्या वर्गात कॅमेरा : मुलांना फोटो वाचायला कसं शिकवायचं?

धारवाड : घरात मोबाइल आहे, मोबाइलला कॅमेरा आहे, त्यामुळे पहिलीतलं पोरगंसुद्धा आज सराईतपणे फोटो काढतं. पण फोटो काढता येणं वेगळं आणि फोटो वाचता येणं वेगळं. शाळेत अक्षरं वाचायला शिकवतात. भूगोलात नकाशा वाचायला शिकवतात, गणितात आलेख वाचायला शिकवतात. फोटो मात्र सगळ्यांना आपोआप कळतो असं धरून चालतात. कुठल्याही तासाला तो शिकवला जात नाही.

याचा तोटा सीमाभागात जरा जास्तच जाणवतो. दोन भाषांची माणसं एकाच गल्लीत, एकाच भिंतीला भिंत लावून राहतात. अशा ठिकाणी कुठल्या तरी जुन्या गोंधळाचा फोटो ‘आत्ताचा’ म्हणून व्हॉट्सॲपवर आला, की तासाभरात गावभर होतो. तो कधीचा, कुठला, कुणी काढला, हे कुणी विचारत नाही. मोठ्यांना ही सवय लावणं अवघड आहे. मुलांना लावता येते, आणि त्यासाठी लागतो एक साधा कॅमेरा, थोडा पुठ्ठा आणि आठवड्याला एक तास.

हे कसं करायचं, ते धारवाडच्या मळमड्डी भागाचं उदाहरण घेऊन समजून घेऊ.

दृश्य साक्षरता म्हणजे नेमकं काय?

‘दृश्य साक्षरता’ हा शब्द ऐकायला जड असला तरी अर्थ सोपा आहे. चित्र, फोटो, जाहिरात, खुणेचा फलक यांत काय दाखवलंय, कसं दाखवलंय आणि काय दाखवलेलं नाही, हे ओळखता येणं. आणि स्वतःला काही सांगायचं असेल तर ते चित्रातून सांगता येणं. वाचन आणि लेखन अशा दोन बाजू अक्षरांना असतात, तशाच त्या चित्रालाही आहेत.

ही कल्पना या नावाने मांडली ती अमेरिकेत, १९६९ साली. मांडणारे जॉन डेबिस हे कॅमेरा आणि फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीत शिक्षणाचं काम बघत. टीव्हीसमोर वाढणाऱ्या मुलांना चित्रांचीही भाषा शिकवायला हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे याच कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. तो साडेतीन किलोहून जड होता आणि एक काळा-पांढरा फोटो कॅसेटवर साठवायला त्याला २३ सेकंद लागत. त्या फोटोत आडवे १०० आणि उभे १०० असे एकूण १०,००० ठिपके होते. आजच्या साध्या मोबाइलच्या १२ मेगापिक्सेल फोटोत आडवे ४,००० आणि उभे ३,००० ठिपके धरले, तर गुणाकार होतो १ कोटी २० लाख. पाचवीच्या मुलांना हा हिशेब फळ्यावर करायला लावला, मग फोनवर एखादा फोटो मोठा करत करत त्याचे चौकोन दिसेपर्यंत नेला, की डिजिटल फोटो म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मळमड्डीच का?

कारण इथे शिकण्यासारखं सगळं चालत जायच्या अंतरावर आहे. धारवाडचं रेल्वे स्टेशन जवळ. के. ई. बोर्डाची शाळा इथलीच. जुनी अंगणाची घरं आणि त्यांच्या शेजारी उभे राहिलेले अपार्टमेंट, देवळं, मठ, किराणा दुकान, फुलवाल्या, शाळेच्या रिक्षा. घरात कानडी बोलणारी मुलं आहेत, मराठी बोलणारी आहेत, आणि दोन्ही बोलता बोलता वर्गात तिसऱ्याच भाषेत लिहिणारीही आहेत.

धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. त्या काळातली मराठी घरं अजून इथे आहेत, पण नातवंडं बहुतेक कानडी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी बोलता येतं, लिहिताना हात अडखळतो. अशा वर्गात ‘माझी आजी’ या विषयावर निबंध सांगितला की अर्धा वर्ग गप्प बसतो. आजीच्या हातातल्या अडकित्त्याचा फोटो समोर ठेवला की तोच वर्ग बोलायला लागतो. फोटोला माध्यम नसतं. बोलणं आधी सुरू होतं, मग लिहिणं त्याच्यामागून येतं.

पहिले दोन आठवडे कॅमेरा कपाटातच

सुरुवातीलाच कॅमेरा हातात दिला की मुलं पाच मिनिटांत पन्नास फोटो काढतात आणि एकही धड बघत नाहीत. म्हणून आधी नुसतं बघायला शिकवायचं.

यासाठी लागते जुनी लग्नपत्रिका. प्रत्येक घरात दहा-वीस पडलेल्या असतात. तिच्या जाड कागदात साधारण सहा सेंटिमीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद अशी खिडकी कापायची. एक डोळा मिटून त्या खिडकीतून बघायचं. खिडकी डोळ्याजवळ आणली की जास्त दिसतं, लांब नेली की कमी दिसतं. मुलांना शाळेच्या फाटकाशी उभं करून विचारायचं: खिडकीत काय आलं? काय बाहेर राहिलं? एक पाऊल डावीकडे सरकलं की कचऱ्याचा ढीग दिसतो, उजवीकडे सरकलं की फुललेली बोगनवेल दिसते. फाटक तेच, दोन्ही गोष्टी खऱ्या. मग शाळा स्वच्छ की अस्वच्छ? कुणीतरी कुठे उभं राहायचं ते ठरवतं, तेव्हा फोटो तयार होतो, ही पहिली शिकवण इथे मिळते.

दुसरा धडा विज्ञानाचा. बुटांच्या खोक्याला एका बाजूने टाचणीने बारीक भोक पाडायचं, समोरची बाजू कापून तिथे बटर पेपर किंवा तेल लावलेला पातळ कागद चिकटवायचा. अंधाऱ्या खोलीतून उजेडातल्या झाडाकडे भोक धरलं की कागदावर झाड उलटं उमटतं. मराठी पुस्तकांत याला ‘सूचिछिद्र प्रतिमाग्राहक’ असं भारदस्त नाव आहे. नाव पाठ असतं, पण खोकं केलेलं नसतं. एकदा केलं की प्रकाश सरळ रेषेत जातो, वरचा किरण खाली का पडतो, चित्र उलटं का दिसतं, हे मुलं स्वतःच एकमेकांना समजावतात. कॅमेरा काही जादू करत नाही, तोही असाच एक अंधारा डबा आहे, हे डोक्यात बसतं.

तिसरा धडा शाळेच्या ग्रुप फोटोचा. प्रत्येकाने घरून आई-बाबांचा किंवा आजी-आजोबांचा शाळेतला जुना ग्रुप फोटो आणायचा. मूळ फोटो हरवायची भीती वाटत असेल तर त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो चालेल. आता बघायचं: खुर्चीवर कोण बसलंय? मधली खुर्ची कुणाची? मुली कुठे आहेत, आणि मुळात किती आहेत? शिपाईमामा फोटोत आहेत का? असतील तर कुठल्या टोकाला? अनवाणी किती जण? पाटीवर साल कुठलं, आणि ते कुठल्या भाषेत लिहिलंय? पन्नास वर्षांपूर्वीचा समाज त्या एका फोटोत रांगेने बसलेला असतो. इतिहासाच्या पुस्तकात तो इतक्या जवळून दिसत नाही.

तीन प्रश्न, तीन रकाने

फोटोवर वर्गात चर्चा कशी घ्यायची, याची एक सोपी रीत आहे. अबिगेल हाउसन या मानसशास्त्रज्ञ आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातले फिलिप येनावाइन यांनी ती बसवली. त्यात शिक्षकाने तीनच प्रश्न विचारायचे: या चित्रात काय चाललंय? असं कशावरून वाटतं? आणखी काय दिसतं? शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही, ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं नाही. मुलाने सांगितलेलं बोटाने दाखवायचं, दुसऱ्या शब्दांत परत सांगायचं आणि पुढच्याकडे वळायचं.

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘तो माणूस गरीब आहे’ असं एखादं मूल म्हणालं की ‘कशावरून?’ असं विचारायचं. ‘शर्ट फाटलाय’ हे उत्तर आलं की कळतं: फाटका शर्ट दिसला, गरिबी मात्र आपण ठरवली. तो माणूस रंगकाम करताना जुना शर्ट घालून आलेला असू शकतो.

आपल्याकडच्या वर्गासाठी वहीत तीन रकाने आखून घेतले तर हे आणखी सोपं जातं. पहिला रकाना ‘दिसतं काय’, दुसरा ‘वाटतं काय’, तिसरा ‘माहीत नाही काय’. बहुतेक मुलं पहिल्या दिवशी दुसरा रकाना भरभरून लिहितात आणि तिसरा कोरा ठेवतात. चार-पाच आठवड्यांत तिसरा रकाना भरायला लागला, की समजावं, शिकवणं पोचलं. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोपुढे थांबायची ताकद त्या तिसऱ्या रकान्यातून येते.

आता कॅमेरा हातात

कॅमेरा महाग हवा असं काही नाही. घरात पडून असलेला जुना डिजिटल कॅमेरा, नाहीतर शिक्षकांचा एक फोन पुरतो. मुलांना स्वतःचे फोन शाळेत आणायला सांगू नये. ज्याच्याकडे नाही त्याची कुचंबणा होते आणि घरोघरी भांडणं लागतात.

चार मुलांचा एक गट करावा. एकजण फोटो काढणारा, एकजण परवानगी विचारणारा, एकजण नोंद लिहिणारा आणि एकजण जागा नि उजेड बघणारा. दर वेळी कामं बदलायची. नाहीतर कॅमेरा धीट मुलाकडेच राहतो आणि वही मुलींकडेच राहते.

एका फेरीत एका गटाला दहाच फोटो. पूर्वी फिल्मच्या रोलमध्ये ३६ फोटो यायचे आणि ते लग्न-मुंज धरून पुरवून वापरायचे. प्रत्येक फोटोला पैसे पडायचे म्हणून माणूस दाबण्याआधी विचार करायचा. डिजिटलने पैसे वाचवले आणि विचारही कमी केला. दहाची मर्यादा तो विचार परत आणते. परत आल्यावर दहांतला एकच निवडायचा आणि तोच का, हे तीन वाक्यांत लिहायचं.

फेरीसाठी काही अभ्यास असे देता येतात:

*एकच झाड, तीन वेळा.* सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला त्याच जागेवरून तेच झाड. सावली कुठे गेली, रंग कसा बदलला, खोडाचा खडबडीतपणा कधी दिसला नि कधी सपाट झाला, हे तिन्ही फोटो शेजारी ठेवले की दिसतं.

*एकच माणूस, तीन उंच्या.* मित्राचा फोटो एकदा वरून, एकदा डोळ्यांच्या पातळीवरून, एकदा जमिनीवर बसून. वरून काढला की तो बिचारा दिसतो, खालून काढला की पुढारी दिसतो. निवडणुकीचे फलक आठवून बघा म्हटलं की मुलं हसतात, पण मुद्दा कायमचा लक्षात राहतो.

*न मावणारी गोष्ट.* हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामी स्टेशनचा प्लॅटफॉर्म १,५०७ मीटर लांब आहे. जगातला सगळ्यात लांब म्हणून त्याची नोंद आहे आणि मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. साध्या चालीने एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला अठरा-वीस मिनिटं लागतात. पण त्याचा फोटो काढून बघा, तो दुसऱ्या कुठल्याही प्लॅटफॉर्मसारखाच दिसतो. मग लांबी दाखवायची कशी? माणसं ओळीने उभी करून? एका टोकाला नि दुसऱ्या टोकाला घड्याळाचा फोटो काढून? थकलेल्या चेहऱ्याचा फोटो काढून? याचं एक उत्तर नाही, म्हणूनच अभ्यास चांगला आहे. स्टेशनवर जायचं तर आधी स्टेशन मास्तरांना भेटून परवानगी घ्यावी, शिक्षक बरोबर हवेत आणि रुळांच्या बाजूला कुणीही फिरकू नये.

*महिनाभराचं रोप.* हा अभ्यास थेट दादासाहेब फाळक्यांच्या वाटेवरचा. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. त्याआधी फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली होती आणि ती फिल्म दाखवून पैसा उभा केला होता. वर्गात वाटाणा किंवा मटकी पेरून, कॅमेरा ठेवायची जागा खडूने आखून, रोज प्रार्थनेनंतर एक फोटो काढायचा. महिन्याने सगळे फोटो भराभर पुढे सरकवले की रोप डोळ्यांसमोर वाढतं. रविवारचे फोटो नसतात, तिथे रोप एकदम उडी मारतं. ‘इथे काय झालं?’ असं विचारलं की मुलांना कळतं, दोन फोटोंच्या मधलं आपण मनाने भरत असतो.

धारवाडचा दीडशे वर्षांपूर्वीचा अल्बम

फोटो आणि धारवाड यांचं नातं फार जुनं आहे. मुंबई सरकारने १८५० च्या दशकात या भागातल्या जुन्या देवळांचे फोटो काढून घेतले. तोफखान्यातले अधिकारी बिग्ज आणि वैद्यकीय सेवेतले डॉ. पिगू यांनी त्या वेळचा अवजड कॅमेरा घेऊन हे काम केलं. पुढे ए. सी. बी. नील यांच्या फोटोंसह ते १८६६ साली लंडनमधून पुस्तकरूपाने निघालं. पुस्तकाच्या नावातच धारवाड आणि म्हैसूर आहे. त्याला मेडोज टेलर यांचा इतिहास आणि जेम्स फर्ग्युसन यांच्या वास्तुकलेवरच्या टिपा आहेत. तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात आजचे गदग आणि हावेरी जिल्हेही होते. ते वेगळे झाले १९९७ मध्ये.

वर्गासाठी हा खजिना आहे. भारतीय कायद्यात फोटोवरचा हक्क तो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. हे फोटो त्या मुदतीच्या केव्हाच बाहेर गेले आहेत, त्यामुळे ते दाखवायला, छापून भिंतीवर लावायला अडचण नाही. जुना फोटो हातात घेऊन त्याच देवळासमोर, त्याच कोनातून आजचा फोटो काढायचा. उणकलचं चंद्रमौळेश्वर मंदिर तर हुबळी-धारवाड रस्त्यालगतच आहे. त्याचाही एखादा जुना फोटो मिळवून असाच सहलीचा अभ्यास करता येतो. काय पडलं, काय दुरुस्त झालं, झाड कुठे वाढलं, तारा कुठून आल्या?

आणखी एक प्रश्न मुद्दाम विचारावा. त्या काळच्या अशा फोटोंत पुष्कळदा खांबाशी एखादा माणूस उभा किंवा बसलेला दिसतो. खांब किती उंच हे कळावं म्हणून त्याला तिथे ठेवलेला असतो. फोटो काढणाऱ्या साहेबाचं नाव पुस्तकावर राहतं. उन्हात हालचाल न करता बसलेल्या त्या माणसाचं नाव काय असेल? तो त्या गावचा असेल की साहेबाचं सामान वाहणारा? ‘माहीत नाही काय’ या रकान्यात लिहायला याहून चांगली ओळ सापडायची नाही.

ओळ बदलली की फोटो बदलतो

फोटोखालच्या ओळीला वर्तमानपत्रात मोठं महत्त्व असतं. एकच फोटो घ्या: पावसात छत्री नसलेली चार मुलं पळत आहेत. खाली लिहा ‘पहिल्या पावसाची मजा’. मग ती ओळ झाकून लिहा ‘शाळेचं छप्पर गळतं, मुलांची पळापळ’. फोटोतला एक ठिपकाही हलला नाही, तरी बातमी उलटली. वर्गाचे दोन भाग करून एकाच फोटोला दोन ओळी लिहायला लावाव्यात आणि कुठली ओळ फोटोतून सिद्ध होते ते तपासावं. बहुतेकदा एकही होत नाही.

इथे चूक मोठ्यांच्याही हातून होते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६-१७ च्या वार्षिक अहवालात सीमेवर बसवलेल्या दिव्यांचा म्हणून एक फोटो छापला गेला. जून २०१७ मध्ये उघड झालं, की तो भारताच्या सीमेचा नव्हेच, तो स्पेन आणि मोरोक्कोच्या सीमेचा आहे. कुंपण खरं, दिवे खरे, फोटोही खरा. फक्त देश दुसरा. फोटोत काहीही बनावट नसताना तो खोटा ठरू शकतो, हे मुलांना सांगायला यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही.

मुलांना तपासाच्या चार पायऱ्या शिकवाव्यात. पहिली, फोटोत अक्षरं शोधा: दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, बसचा रंग. गाडीवर ‘केए २५’ असेल तर ती धारवाडची, ‘एमएच ०९’ असेल तर कोल्हापूरची. दुसरी, ऋतू बघा. बातमी मे महिन्याची आणि फोटोत सगळ्यांच्या अंगावर स्वेटर, असं कसं? तिसरी, मोबाइलवरच्या गूगल लेन्ससारख्या सोयीने तोच फोटो आधी कुठे आलाय का ते बघा. चौथी, मूळ फाइल मिळाली तर तिची तारीख बघा. कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत वेळ नोंदवतो. मात्र कॅमेऱ्याचं घड्याळच चुकीचं लावलेलं असू शकतं आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ही नोंद गळून पडते, हेही सांगावं. आता संगणकाने बनवलेले, कधी न घडलेल्या प्रसंगाचे फोटोही येतात. त्यांना पकडायची हमखास युक्ती कुणाकडेच नाही. म्हणून शेवटचा प्रश्न कायम तोच राहतो: हे मला कुणी पाठवलं, आणि त्याला कुठून कळलं?

एक फोटो, दोन भाषा

अमेरिकन छायाचित्रकार वेंडी इवल्ड यांनी मुलांच्या हाती कॅमेरा देऊन त्यांना लिहितं करण्याचं काम आयुष्यभर केलं. गुजरातमधल्या एका खेड्यातही त्यांनी मुलांबरोबर काम केलं. त्यांच्या पद्धतीत विषय चारच असतात: मी, माझं घर, माझी वस्ती आणि माझी स्वप्नं. मूल आधी फोटो काढतं, मग त्याच्याबद्दल लिहितं. लिहायला काही सुचत नाही ही तक्रार उरत नाही, कारण विषय त्यानेच पकडून आणलेला असतो.

मळमड्डीसारख्या ठिकाणी याला एक जोड देता येते. प्रत्येक फोटोखाली दोन ओळी, एक घरच्या भाषेत आणि एक शेजाऱ्याच्या भाषेत. मराठी मुलाने कानडी ओळ शेजारच्या बाकावरच्या मित्राला विचारून लिहायची, कानडी मुलाने मराठी ओळ तशीच लिहायची. अडकित्त्याचा फोटो आला की बाईंनी सांगावं, हा शब्दच मराठीत कानडीतून आलाय. कट्ट्याचा फोटो आला की मुलंच म्हणतील, ‘आमच्यात पण कट्टेच म्हणतात की!’ घरी जाऊन अज्जीला विचारावं लागतं, अमुक वस्तूला मराठीत काय म्हणायचे. लिहायची सुटलेली भाषा अशी एकेका ओळीने परत येते. मोठ्या माणसांचा भाषेचा वाद ज्या गावात जुना आहे, तिथल्या भिंतीवर दोन्ही भाषांच्या ओळी एकाच फोटोखाली, एकाच हस्ताक्षरात दिसणं ही लहान गोष्ट नाही.

‘अक्का, फोटो काढू का?’

कॅमेरा शिकवायचा तर परवानगी मागायला शिकवणं पहिलं. फुलवालीचा फोटो हवा तर आधी तिच्याशी बोलायचं: ‘अक्का, शाळेसाठी फोटो काढायचाय, काढू का?’ ती ‘नको’ म्हणाली तर ‘बरं अक्का’ म्हणून कॅमेरा खाली. फक्त तिच्या टोपलीचा, तिच्या हातांचा काढू का, असं विचारता येईल. काढलेला फोटो तिला दाखवायचा, जमलं तर एक प्रत नेऊन द्यायची.

धारवाडला ‘नको’चं एक मोठं उदाहरण माहीत आहे. कथाकार जी. ए. कुलकर्णी इथल्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. प्रसिद्धीपासून ते कटाक्षाने लांब राहिले. त्यांचा जो चेहरा मराठी वाचकांच्या डोळ्यांसमोर येतो, तो काळ्या गॉगलमागचा. तो फोटो वर्गात लावून विचारावं: या माणसाने आपल्याला काय दाखवलं आणि काय राखून ठेवलं? न दिसण्याचाही माणसाला हक्क असतो, हे मुलांना त्यातून समजतं.

मुलांच्या फोटोबाबत तर जास्तच जपावं लागतं. कोलकात्याच्या सोनागाचीतल्या मुलांना कॅमेरे देऊन केलेल्या कामावरच्या माहितीपटाला २००५ साली ऑस्कर मिळालं. जगभर कौतुक झालं, आणि त्या मुलांचे चेहरे, त्यांची घरं अशी जगापुढे मांडावीत का, यावर वादही झाला. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला पोक्सो आणि बाल न्याय कायद्याची मनाई आहे. त्यामुळे शाळेने पालकांची लेखी संमती घ्यावी, फोटो शाळेच्या संगणकावर ठेवावेत, वर्गाच्या ग्रुपवर टाकू नयेत, आणि गणवेशावरचं नाव किंवा घराचा पत्ता दिसणारे फोटो भिंतीवरही लावू नयेत. गरिबी दाखवून टाळ्या मिळवणारा फोटो आला तर एकच विचारावं: हा फोटो त्या माणसाच्या घरच्यांनी बघितला तर त्यांना कसं वाटेल?

गुण कशाला द्यायचे?

सुंदर फोटोला गुण दिले की चांगला फोन असलेल्याला गुण मिळतात. म्हणून गुण फोटोला देऊच नयेत. गुण द्यावेत ते निवडीच्या कारणाला, तीन रकान्यांना, ओळीतल्या अचूकपणाला आणि परवानगीच्या नोंदीला. हललेला, अंधारा फोटोसुद्धा ‘का हलला’ हे नीट लिहिलं असेल तर पूर्ण गुणांचा.

यासाठी वेगळा विषय, वेगळा तास मागायची गरज नाही. लोअर आणि हायर ड्रॉइंगची तयारी करून घेणाऱ्या चित्रकलेच्या सरांना चौकट आणि छायाप्रकाश हवाच असतो. विज्ञानाच्या बाईंना प्रकाशाचा धडा घ्यायचाच असतो. भाषेच्या शिक्षकांना लिहितं करायचं असतं, समाजशास्त्रात गाव शिकवायचं असतं. चौघांनी मिळून आठवड्याचा एक तास फिरता ठेवला तर सत्रात दहा-बारा तास सहज होतात. सत्राच्या शेवटी प्रत्येक मुलाचा एकच फोटो स्टुडिओत साध्या आकारात छापून, दोन्ही भाषांच्या ओळींसह वर्गाबाहेरच्या भिंतीवर लावावा. बघायला पालकांना बोलवावं, आणि ज्यांचे फोटो काढले त्या फुलवाल्या अक्कांना, रिक्षावाल्या मामांनाही. आपला फोटो शाळेच्या भिंतीवर कसा लागलाय, हे बघायचा पहिला मान त्यांचा आहे.